पाचवी नखी

उस्ता वहबाच्या दुकानात कागदावर सही होत नाही. हिरा एका कोंदणातून काढून दुसऱ्यात बसवायचा असेल, तर दगड धरणारी सोन्याची नखी उचलण्याआधी कोणीतरी एकाने चार माणसांदेखत म्हणावे लागते, ‘माझ्या मानेवर.’ ज्याने ते म्हटले त्याच्या मानेवर तो दगड. मग तो फुटो, त्याचा टवका उडो, बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहायचे आणि त्याने मुकाट्याने भरून द्यायचे. गिऱ्हाईक परके असेल तर हे वाक्य गिऱ्हाइकाने म्हणायचे, असा साघ्यातल्या, म्हणजे सोनारगल्लीतल्या, सगळ्याच जडियांचा रिवाज आहे. वहबाच्या घराण्याचा मात्र एक जास्तीचा ताठा आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या गिऱ्हाइकाला ते हे वाक्य म्हणू देत नाहीत, स्वतःच म्हणतात. त्याच्या बापाच्या, उस्ता गिरगिसच्या, हातून एकदा कुणा जुन्या घरच्या बाईच्या हिऱ्याचा कोपरा गेला, तेव्हा त्याने राहत्या घराचा वरचा मजला विकून तसाच दगड आणून दिला होता आणि त्याबद्दल पुन्हा कधी अवाक्षर काढले नव्हते.

आमचे घर त्यांचे तीन पिढ्यांचे गिऱ्हाईक आहे. माझ्या मुलाने आणि सुनेने नेमकी हीच गोष्ट हेरली होती.

गुरुवारी सकाळी, साघ्यात निघण्यापूर्वी, मी अंगठीची डबी उघडली. नातवाचा, रामीचा, साखरपुडा ठरला होता. तो दोहाला नोकरीला, सुट्टी अजून तीन आठवडे लांब. तो येईपर्यंत मुलीला द्यायचा दागिना, तिचा शबका, तयार व्हायला हवा होता. माझ्या सासूबाईंनी, दौलत हानिमनी, माझ्या लग्नात माझ्या बोटात घातलेला हिरा नव्या धर्तीच्या पांढऱ्या कोंदणात बसवून तो मुलीला द्यावा, ही कल्पना सुनेची, शाहिनाझची. मी होकार दिला होता. नमुना दाखवायला म्हणून ती अंगठी घेऊन गेली होती आणि आठ दिवसांनी डबीसकट परत आणून दिली होती. बाजारापर्यंत तरी ती माझ्या बोटात असावी म्हणून मी डबी उघडली, तर मखमलीच्या गादीखालून कागदाचे टोक डोकावत होते.

तो एका मोठ्या मॉलमधल्या काचेच्या दुकानाचा कागद होता. टंकलेल्या चार ओळी. कडेपासून आत शिरलेला तडा, जुन्या नखीखाली. दगड काढल्यास फुटण्याचा दाट संभव. काम स्वीकारलेले नाही. खाली आठ दिवसांपूर्वीची तारीख.

मी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि गाडीत सफवतच्या शेजारच्या आसनावर बसले. माझी जागा तीच आहे. शाहिनाझ मागे बसली. गाडी अब्बासियाच्या चौकातून वळली तेव्हा मी कागद काढून मुलाच्या मांडीवर टाकला.

“हे काय आहे?”

सफवतने एक नजर टाकली. एकावन्न वर्षांचा माणूस, पण पकडला गेला की अजूनही शाळकरी पोरासारखा कान खाजवतो. “मॉलवाल्यांचं आहे, आई. त्यांना काम करायचं नसतं, नवी अंगठी गळ्यात मारायची असते.”

“म्हणून तुम्ही वहबाकडे निघालात.”

“वहबा आपला माणूस आहे.”

“आपला आंधळा माणूस,” मी म्हटले. “डावा डोळा ऑपरेशनात गेला, उजव्यात मोतीबिंदू उतरतोय. अख्ख्या साघ्याला ठाऊक आहे. तो आता डोळ्यांनी नाही, अंगठ्याने काम करतो. हा तडा त्याला दिसणार नाही.”

मग मागून शाहिनाझचा आवाज आला, अगदी गोड, समजूत घालणारा. “आई, तुम्ही असं बघा ना. नीट बसला तर बसला, देवाची कृपा. नाही बसला तर तो म्हणेलच की, माझ्या मानेवर. त्यांच्या घराण्याची रीतच आहे तशी. आपलं कुठे काय जातंय?”

“त्याचं काय जातंय?”

“त्याचं काय, म्हातारा झालाय. दुकान कधीतरी विकणारच आहे.”

काल आणलेली भाकरी कच्ची निघाली तर भट्टीवाल्याकडून बदलून घ्यावी, इतक्या सहजपणे तिने हे म्हटले. मी खिडकीची काच खाली केली. माझ्या मुलाने तिला गप्प बसवावे म्हणून मी वाट पाहिली. तो पुढच्या बसला हॉर्न देत राहिला.

गाडी फिरव, असे मी तेव्हाच म्हणायला हवे होते. सासूबाई गेल्यापासून या घरात माझा शब्द कोणी खाली पडू दिलेला नाही; तो दिवसही अपवाद ठरला नसता. मी म्हटले नाही. त्याचे कारण सांगते, कारण ते न सांगता मुलाला आणि सुनेला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही.

तो तडा माझा आहे.

सफवत पोटात होता, सातवा महिना. माझी बोटे सुजली होती आणि अंगठी निघत नव्हती. सासूबाईंनी बजावले होते की, अंगठी घालून खलबत्त्याला हात लावू नकोस, कोणाला तरी हाक मार. त्या दुपारच्या नमाजाला बसल्या होत्या, चुलीवर मुलूखिया तयार होती, आणि लसूण-धण्यांची फोडणी पडल्याशिवाय ती भाजी म्हणजे नुसते हिरवे पाणी. मी कोणाला हाक मारली नाही. स्वतःच पितळी खलबत्ता घेऊन बसले. चौथ्या-पाचव्या ठोक्याला बत्ता निसटला आणि हात खलाच्या काठावर आदळला. हिऱ्याच्या कडेला नखभर पांढरी रेघ उमटली. बोट काळेनिळे झाले ते मी ओढणीआड लपवले. जेवताना सासूबाई म्हणाल्या, आज मुलूखिया छान झाली आहे.

दुसऱ्या दिवशी आईकडे जाते असे सांगून मी एकटी उस्ता गिरगिसकडे गेले. साबण लावून त्याने अंगठी काढली आणि भिंग लावून पाहिली. मग त्याने त्या रेघेवर सोन्याची आणखी एक नखी चढवली. आधी चार होत्या, आता पाच.

“पोरी,” तो म्हणाला, “हिऱ्याला धरायला चार पुरतात. ही पाचवी धरायला नाही, झाकायला आहे. घरी जाऊन सासूला सांग.”

“सांगते.”

“आणि उद्या कुणी ही नखी उचलायला बसला, माझा मुलगा असो नाहीतर आणखी कुणी, तर त्याला आधी सांगायचं. ते तुझ्या मानेवर. म्हण.”

“माझ्या मानेवर,” मी म्हटले.

मी सासूबाईंना कधीच सांगितले नाही. पाहुण्यांसमोर त्या माझा हात धरून म्हणायच्या, पाहा, माझ्या सुनेने किती जपली आहे. शेवटच्या आजारात त्यांनी माझा तोच हात छातीशी धरला होता आणि मला दुवा दिल्या होत्या. त्या दुवा मी खाली मान घालून घेतल्या. माणसे म्हणाली, केवढी विनयशील सून.

म्हणून मी गाडीत गप्प बसले. गाडी फिरवायची तर दुकानात येणाऱ्या मुलीकडच्या माणसांना कारण सांगावे लागणार होते; त्यांच्यासमोर त्या दोघांची लबाडी उघडी पाडायची तर आधी माझी पाडावी लागणार होती.

मुलीकडची माणसे आमच्याआधी पोहोचली होती. घदीर, रामीची होणारी बायको, लांबट चेहऱ्याची, कमी बोलणारी मुलगी. आणि तिची आई मादाम फेरियाल, मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. वहबाच्या दुकानात दोन माणसे समोरासमोर उभी राहिली की तिसऱ्याला आडवे व्हावे लागते, पण त्याने शेजारच्या दुकानातून स्टुले मागवून सगळ्यांची सोय केली होती आणि दालचिनीचा चहा सांगितला होता.

“हाजा इनायात,” माझा आवाज ऐकताच तो उठून उभा राहिला. “दुकान उजळलं. दिसत नसलं तरी कळतं मला.”

“बस रे. उजळायला मी काय दिवा आहे?”

“दिवाच. फक्त तेल जरा जास्त लागतं तुम्हाला.”

मादाम फेरियाल हसली. मीही हसले. त्या माणसाच्या चेहऱ्यावर इतका निखळ आनंद होता की मला त्याच्याकडे पाहवेना. नव्या कामासाठी त्याच्याकडे आता कोणी येत नाही. तीन पिढ्यांचे घर शबक्यासाठी आले, याचा अर्थ त्याच्या लेखी एकच होता: उस्ता वहबा अजून संपलेला नाही.

मी अंगठी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती आधी एका लहान पातेल्यात, साबणाच्या पाण्यात, मंद आचेवर उकळत ठेवली. कोंदणाखालचा मळ निघाल्याशिवाय जडिया दगडाला हात लावत नाही. दोन-चार मिनिटांत पाणी गढूळ झाले. मग अंगठीच्या पोटातून राखाडी, बुळबुळीत असे काहीतरी सुटून वर तरंगू लागले, आणि त्या एवढ्याशा दुकानात शिळ्या तुपाचा वास पसरला. प्रत्येक ईदला मी कहकच्या बिस्किटांचे तुपाळ पीठ मळले होते, मुलांच्या डोक्याला तेल चोळले होते, मेलेल्या माणसांना आंघोळी घातल्या होत्या. अंगठी क्वचितच काढली. ते सगळे त्या दगडाखाली साठून राहिले होते आणि वरून तो चमकत होता.

घदीरने नाकाला रुमाल लावला. तिच्या आईने तिला कोपराने ढोसले.

“अगं, असू दे,” शाहिनाझ लगबगीने म्हणाली. “आईंच्या हातचं आहे. बरकत असते त्यात.”

ती बरकत पातेल्याच्या कडेला चिकटत होती. मी तोंड फिरवले.

वहबाने चिमट्याने अंगठी बाहेर काढली, फडक्याने पुसली आणि लाकडी दांड्याच्या टोकावरच्या लाखेत रोवली. भिंग त्याच्या गळ्यात लटकत होते, त्याने त्याला हातही लावला नाही. अंगठ्याचे नख तो दगडाच्या कडेने फिरवू लागला, आंधळा माणूस ओळखीच्या चेहऱ्यावरून हात फिरवतो तसा.

“एक,” तो पुटपुटला. “दोन. तीन. चार.”

नख थांबले. तो पुन्हा मागे गेला.

“पाच.”

“नक्षी आहे ती,” शाहिनाझ म्हणाली. “जुन्या पद्धतीची.”

“माझ्या बापाला नक्षीचं वावडं होतं, मादाम. हा त्याचा हात आहे. नख्यांची टोकं तो डावीकडे वळवायचा, डावखुरा होता.” वहबाने मान वर केली. त्याचा उजवा डोळा दुधाळ झाला आहे, तरी तो नेमका माझ्याकडे वळला. “चार नख्यांच्या दगडाला त्याने पाचवी का लावली असेल?”

बाहेरून तांबटांच्या ठोक्यांचा आवाज येत होता.

“या दगडाबद्दल मला काही माहीत असायला हवं का?” त्याने विचारले.

“काही नाही,” शाहिनाझ म्हणाली. “दुधासारखा स्वच्छ आहे.”

“सफवत बे?”

माझ्या मुलाने कान खाजवला. “तीन पिढ्या आमच्या घरात आहे, उस्ता. काय असणार?”

“हाजा?”

मी चहाचा पेला उचलला. त्यात काहीच उरले नव्हते. मी रिकामा पेला ओठांना लावला आणि परत खाली ठेवला. एवढाच माझा जबाब.

मादाम फेरियालने घड्याळाकडे पाहिले. “काही अडचण आहे का? नाही, म्हणजे आम्हाला घाई नाही. पण दगड जुना आहे, उस्तांचं वयही झालंय. दुसऱ्या कुणाला दाखवायचा असेल तर…”

“तेच म्हणत होतो मी,” सफवत एकदम म्हणाला. त्याला वाट सापडली होती. “उस्ता, तुम्हाला जमत नसेल तर स्पष्ट सांगा. आम्ही काही वाईट वाटून घेणार नाही. पलीकडच्या गल्लीत तरुण मुलं आहेत. तुमच्या वडिलांच्या वेळची गोष्ट वेगळी होती.”

माझा मुलगा हुशार आहे, हे मला नेहमी ठाऊक होते. त्याच्या हुशारीला इतका घाण वास येतो हे मला त्या दिवशी कळले. बापाचे नाव काढल्यावर वहबा मागे हटणार नाही, हे त्याने बरोबर ताडले होते.

वहबा ताठ बसला. त्याने बाह्या मागे सारल्या. मनगटावर गोंदलेला निळा क्रूस उघडा पडला. शेजारचे दोन दुकानदार आपापल्या दारातून डोकावले, कारण साघ्यात हे वाक्य उच्चारले जाण्याआधीची शांतता सगळ्यांना ओळखू येते.

“तीन पिढ्यांच्या घराला मी दुसऱ्या गल्लीत पाठवणार नाही,” तो म्हणाला. “कुमारी मातेची शपथ, हा दगड माझ्या…”

“थांब,” मी म्हटले.

तो थांबला.

“तुझ्या मानेवर नाही. त्यात तडा आहे.”

शाहिनाझच्या बांगड्या वाजल्या. सफवत म्हणाला, “आई.”

“पाचव्या नखीखाली. मी पाडलाय. खलबत्त्यावर. तुझ्या बापाने झाकून दिला आणि सांगितलं की नखी उचलणाऱ्याला आधी सांग. मी बोलले होते, सांगेन.” मी पर्स उघडली आणि तो कागद त्याच्या पाटावर ठेवला. मग मला आठवले की त्याला वाचता येणार नाही, तेव्हा मी तो मोठ्याने वाचून दाखवला, चारही ओळी, तारखेसकट. माझा आवाज हलला नाही. आवाज हलू न देणे मला लहानपणी शिकवले गेले आहे.

वाचून झाल्यावर मादाम फेरियालने तारीख पुन्हा विचारली. मी सांगितली.

“म्हणजे तुम्हाला आठ दिवसांपासून माहीत होतं,” ती शाहिनाझला म्हणाली.

“मॉलवाले काहीही लिहितात हो.”

“आणि हे तुम्ही माझ्या मुलीच्या बोटात घालणार होता.”

“नवीन कोंदणात दिसलंच नसतं कुणाला,” शाहिनाझ म्हणाली, आणि आपण काय बोललो हे कळल्यावर चहाच्या पेल्याकडे पाहू लागली.

घदीरने नाकावरचा रुमाल काढला आणि, रामी आजीला म्हणतो तसे तेता म्हणत, माझ्याकडे वळली. “तेव्हा दुखलं होतं का, तेता? बोटाला?”

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. विचारणार तरी कोण.

“दुखलं,” मी म्हटले.

मादाम फेरियाल उठली. आता ही बाई माझ्या मुलाला दोन शब्द सुनावेल, आणि ते त्याला सुनावले गेले पाहिजेत, असे मला वाटले. ती मला बाजूला घेऊन गेली, म्हणजे दोन पावले, कारण त्याहून जास्त जागा नव्हती. “हाजा, तुमचा मान राखून सांगते,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “तुम्ही मला फोन करायचा होता. घरातल्या घरात मिटवलं असतं. हे असं कारागिरासमोर, शेजारचे ऐकतायत… उद्या माझ्या मुलीच्या शबक्याची गोष्ट गल्लीभर होईल.”

“आणि हा माणूस?”

“कोण माणूस?” तिने विचारले. तिला खरोखरच कळले नव्हते.

मला वाटले होते, घाण आमच्याच घरातली आहे.

त्या दोघी गेल्या. सफवत गाडी काढतो म्हणून गेला, शाहिनाझ त्याच्या मागोमाग. मी वहबासमोर उभी राहिले. त्याने अंगठी लाखेतून सोडवली, पुसली, डबीत ठेवली, झाकण लावले. हे सगळे सावकाश. तो आभार मानेल अशी माझी अपेक्षा होती, हे कबूल करायला आज लाज वाटते.

“तुम्ही थांबलात,” तो म्हणाला.

“थांबवलं मी तुला.”

“नाही. आधी थांबलात. मी तीनदा विचारलं. एकदा त्यांना, एकदा त्याला, एकदा तुम्हाला. तुम्ही चहा पीत होता.” त्याने डबी माझ्याकडे सरकवली. “पेला रिकामा होता, हाजा. मला ऐकू येतं.”

“शेवटी सांगितलं ना.”

“शपथ तोंडाबाहेर पडल्यावर. एक शब्द उरला होता.”

मी डबी उचलली आणि बाहेर पडले. शेजारचे दुकानदार मला वाट द्यायला बाजूला झाले, नेहमीसारखेच, पण सलाम कोणी केला नाही.

मी गाडीत पुढच्या आसनावर बसले. अझहरच्या पुलाखाली गर्दीत अडकलो तेव्हा शाहिनाझ म्हणाली, “पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं गप्प राहिला असता ना, आई, तर सगळं नीट झालं असतं.”

“रामीला काय सांगायचं आता?” सफवत म्हणाला.

“सांग की बापाने स्वतःच्या पैशांतून शबका घेतला,” मी म्हटले. “गाडी बाजूला घे.”

“इथे? आई, टॅक्सी मिळणार नाही इथे.”

“घे म्हटलं ना.”

मी उतरले आणि चालत निघाले. मागून हॉर्नचे आवाज येत होते. त्यातला माझ्या मुलाचा कुठला हे मला ओळखू आले, वळले नाही.

शुक्रवारी नमाजानंतर सगळे जेवायला आले. दर शुक्रवारी येतात. मला वाटत होते, निदान या शुक्रवारी येणार नाहीत. निदान तेवढी लाज असेल. आले. मी मुलूखिया केली होती, सशाच्या रश्श्यातली, सफवतच्या आवडीची. लसूण आणि धणे मी स्वतः कुटले, अंगठी बोटात ठेवून. त्याने दोनदा वाढून घेतले. शाहिनाझने सांगितले की मॉलमध्ये एक अंगठी पाहिली आहे, लहान आहे पण कागदपत्रांसकट आहे, आणि मादाम फेरियालचा फोन आला होता, तिचे काहीही म्हणणे नाही, झाले ते झाले. भाकरी मोडता मोडता ती म्हणाली, “आणि वहबाला ईदला काहीतरी पाठवून देऊ. गरीब बिचारा.” सफवत म्हणाला, “हो, सशाचा रस्सा पाठवू,” आणि दोघे हसले.

पानात उरलेले मी तसेच ठेवून उठले. या घरात अन्न टाकणारी मी पहिलीच.

शनिवारी मी पुन्हा साघ्यात गेले, एकटी, पहिल्या वेळी गेले होते तशीच.

वहबा उठला नाही. “कोण?” त्याने विचारले. माझ्या पावलांचा आवाज तो गल्लीच्या तोंडापासून ओळखतो.

“इनायात.”

“काय काम आहे?”

“पाचवी नखी काढायची आहे. दगड त्याच अंगठीत राहू दे, चारच नख्यांत. जे दिसायचं ते दिसू दे.”

त्याने हात पुढे केला. मी अंगठी दिली. त्याने ती लाखेत रोवली, हत्यार घेतले, पाचव्या नखीच्या टोकाला लावले, आणि तिथेच थांबला. तो कशाची वाट पाहतो आहे हे मला आधी समजले नाही. जुन्या घराची माणसे त्या दुकानात हे वाक्य म्हणत नाहीत, त्यामुळे माझ्या मनातही आले नव्हते.

“फुटेल कदाचित,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“मग?”

मला कळले. दारात कोणी नव्हते. मी हलक्या आवाजात म्हटले, “माझ्या मानेवर.”

“मोठ्याने, हाजा. आणि चार माणसं लागतात.” त्याने शेजारच्यांना हाका मारल्या. ते आले. त्या दिवशीचेच दोघे, आणि समोरचा तांबट, आणि त्याच्याकडे आलेले एक गिऱ्हाईक. दारात दाटीवाटीने उभे राहिले.

मी ओढणी सारखी केली. “माझ्या मानेवर,” मी म्हटले, परक्या गिऱ्हाइकाने म्हणावे तसे, सगळ्यांना ऐकू जाईल असे.

वहबाने नखी उचलली. कसलाही आवाज झाला नाही. तिळाएवढा टवका दगडापासून सुटला आणि त्याच्या अंगठ्यावर आला. तो केव्हाचा सुटलेलाच असावा, नखीने धरून ठेवला होता. त्याच्या मागच्या बाजूला तो राखाडी मळ अजून चिकटलेला होता, उकळूनही न निघालेला. वहबाने तो बोटाने चाचपला, हात फडक्याला पुसला, टवका एका कागदावर ठेवला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

“हे तुमचं,” तो म्हणाला, आणि उरलेल्या चार नख्यांवर हत्यार चालवू लागला.